अकराचं पाणी

आमच्या गोदामात सकाळचे अकरा वाजले की सगळे उठून पाणी प्यायला जातात. साहेबांपासून हमालांपर्यंत सगळे. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, कंपनीचा नियम असेल. अहो, कसला नियम! आमची कंपनी औषधांचे खोके मोजण्यात पटाईत, पण खोके उचलणाऱ्याच्या घशाला कोरड पडली का, हे विचारणाऱ्यांतली ती नव्हे.

हे सगळं एका ओळीने सुरू झालं. गोदामात जागोजागी जुन्या काळ्या स्क्रीन आहेत. ऑर्डर घेणाऱ्यांपुढे, पॅकिंगच्या टेबलांवर, थंड खोलीच्या दाराशी. त्या सगळ्या वरच्या मजल्यावरच्या एकाच मशीनला, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला, जोडलेल्या. अकराच्या ठोक्याला सगळ्या स्क्रीनवर एकदम ओळ उमटायची: ‘उठा. पाणी प्या. पाठ सरळ करा. गोदाम पळून जात नाही.’ कोण काय टाइप करतंय याची पर्वा न करता, थेट त्याच्या मधोमध. ओळ दिसली की लोक वैतागून म्हणा, हसून म्हणा, उठायचेच.

मी इथला वायरमन. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण अकराला मीसुद्धा पक्कड खाली ठेवून जायचो. सगळे जायचे, एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे बाई.

बाई म्हणजे आमच्या ऑपरेटरबाई. मशीनच्या खोलीत काचेमागे बसतात. तिथून खालचं अख्खं गोदाम दिसतं आणि खालून त्यांची मान दिसते. खाली पाण्याच्या टाकीशी गर्दी, गप्पा, एकमेकांची टिंगल. वर बाई आपल्या खुर्चीत स्क्रीनकडे टक लावून. ‘शिष्ट आहे झालं,’ असं मी पॅकिंगच्या आक्कांना म्हणायचो. आक्का म्हणायच्या, ‘तुझं आपलं काहीतरीच.’

खरं तर बाई मुळात आक्कांच्याच टेबलावरच्या. खोके भरायच्या, चिकटपट्टी मारायच्या. मशीनवर होते त्यांचे यजमान. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण वाकून बसलेला माणूस दिसला की ते मागून येऊन त्याच्या पाठीत बोट खुपसायचे, ‘ताठ!’ माझ्या पाठीत किती वेळा खुपसलं असेल त्याला गणती नाही. आणि मला गुदगुल्या होतात हो, मी शिडीवरसुद्धा उडायचो.

या मास्तरांना एकदा मुतखडा झाला. गोदामातच गडाबडा लोळले बिचारे. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी प्या. दुसरा कोणी गप आपला आपला प्यायला असता. मास्तरांनी अख्ख्या गोदामाला पाजायचं ठरवलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, स्वतःच्या हाताने तो चालू केला, आणि दुसऱ्या दिवसापासून अकराची ओळ यायला लागली.

माणूस शिस्तीचा, पण फक्त मशीनपुरता. मशीन बंद करायचं झालं तर बटणाला हात लावायचे नाहीत. कीबोर्डवर कमांड टाइप करायचे, शटडाऊनची. त्यातच किती मिनिटांनी ते लिहायचं, आणि लोकांना काय सांगायचं तेही. मग सगळ्या स्क्रीनवर निरोप यायचा, ‘थोड्या वेळात मशीन बंद होत आहे. हातातलं काम जपून ठेवा.’ तेवढ्यावर समाधान नाही. जिना उतरून खाली येणार, टेबलाटेबलाशी थांबून विचारणार, ‘ठेवलं का? नक्की?’ मग वर जाऊन मशीन बंद.

बाई हे सगळं शिकल्या त्या जेवणाच्या सुट्टीत. पोळीचा तुकडा एका हातात, दुसरा कीबोर्डवर. मास्तर शिकवताना खेकसायचे, बाई उलट खेकसायच्या, आणि काचेतून आवाज येत नसला तरी कोण जिंकतंय ते खाली सगळ्यांना कळायचं. बहुतेक वेळा बाईच. पुढे त्या मास्तरांच्या मदतनीस झाल्या, आणि मास्तर गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसल्या. तसूभर कमी नाहीत कामात. एकदा मशीन हळू चालत होतं तेव्हा साहेब म्हणाले, ‘बाई, बटण दाबून मोकळ्या व्हा ना.’ बाई म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही बोलत असताना मी तुमच्या तोंडावर हात ठेवला तर चालेल का?’ साहेबांनी पुन्हा बटणाचं नाव काढलं नाही.

मास्तर गेले हृदयाच्या ऑपरेशनमध्ये. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी आले होते कामावर. खण रिकामा केला, कप धुऊन पालथा ठेवला, मशीनमधल्या स्वतःच्या सगळ्या फायली पुसून टाकल्या. ‘आपलं खरकटं दुसऱ्याने का काढायचं,’ असं मला म्हणाले. मी म्हटलं, ‘अहो मास्तर, चार दिवसांनी परत येणार आहात, हे काय आवरायला लागलात?’ तर पाठीत बोट, ‘ताठ!’ आणि गेले. ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नाहीत.

पण अकराची ओळ येतच राहिली. पहिले काही दिवस अंगावर काटा यायचा. आक्का तर पदर तोंडाला लावून बसायच्या. मग माणसं रुळली. नवी आली, त्यांना मास्तर कोण हेही ठाऊक नाही. त्यांच्यासाठी ती कंपनीची ओळ, आणि अकराला पाणी हा कंपनीचा नियम.

त्या सुमारास बाईंच्या घरी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, टापटीप. दाराजवळच्या बटणांपाशी चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, त्यावर बाईंच्या अक्षरात: ‘पंखा!’ त्याखाली आणखी एक तुकडा: ‘नळ बघितला का?’ मला हसू फुटलं. ‘हे कोणासाठी?’ ‘कोणासाठी म्हणजे? यांच्यासाठी,’ बाई म्हणाल्या. ‘तिकडे सगळ्या जगाला निरोप देऊन मशीन बंद करणारा माणूस. घरी पंखा चालू, दिवा चालू, नळ धो धो. पाठीमागून मी आपली बंद करत फिरायची, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.’ मास्तरांना जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. पट्ट्या तिथेच होत्या.

आता मुद्द्यावर येतो. मला गोदामाची वायरिंग बदलायची होती, आणि बाई मला बदलू देत नव्हत्या. कारण त्यासाठी वीज बंद करावी लागणार आणि वीज बंद म्हणजे मशीन बंद. मी गेलो की कारण तयार. आज महिनाअखेर आहे. आज थंड खोलीतला माल निघतोय. आज साहेब नाहीत. एकदा तर म्हणाल्या, ‘आज माझं डोकं दुखतंय.’ मी म्हटलं, ‘बाई, वायर तुमच्या डोक्यातून जात नाही!’ थोडा वेळ वीज गेली तर मशीन तगावं म्हणून खोलीत बॅटऱ्या होत्या. बाईंनी साहेबांच्या मागे लागून त्यात आणखी भर घातली. मास्तर असताना मशीन अधूनमधून बंद व्हायचं. ते गेल्यापासून एकदाही झालं नव्हतं. मला वाटायचं, मशीन परत सुरू करायची हिंमत नाही, म्हणून ही सगळी नाटकं.

मग एके दिवशी जिन्याखाली जळका वास आला. मुख्य बोर्ड उघडला. वायरींचं कातडं काळं पडून वितळलेलं, आणि दोन हातांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी, छपराला भिडलेली. मी तसाच वर पळालो.

‘मशीनपुरती वेगळी लाईन ओढून द्या ना, भाऊ,’ बाई म्हणाल्या.

‘कुठून ओढू? ती त्याच बोर्डातून येते!’

‘बॅटऱ्या आहेत.’

‘तासभर पुरतील. काम अख्ख्या दुपारचं आहे.’

‘मग पुढच्या आठवड्यात...’

इथे माझा तोल सुटला. ‘बाई, खाली पुठ्ठा आहे, माणसं आहेत! तुमच्या एका डबड्यापायी सगळ्यांचा कोळसा करायचाय का?’ दार उघडं होतं. खाली चिकटपट्टीचे आवाज थांबले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ओरडा ऐकून साहेब वर आले आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, उद्या दुपारी वीज बंद.

संध्याकाळी मी बोर्डापाशी खुणा करत बसलो होतो, तर बाई जिना उतरून आल्या. खोक्यावर टेकल्या.

‘भाऊ, तुमचं बरोबर आहे,’ म्हणाल्या. ‘पण एक सांगते. अकराची ती ओळ आहे ना, ती उद्यानंतर येणार नाही.’

‘का? सगळं परत सुरू होईल की.’

‘बाकीचं होईल. ते डिस्कवर आहे. मशीन सुरू झालं की तिथून उचललं जातं. यांचा प्रोग्रॅम डिस्कवर नाहीच. जाताना सगळं पुसलं ना, त्यात तोही पुसला. पण तो तेव्हा चालू होता, तो बंद करायचा राहिला. म्हणून नुसता मशीनच्या मेमरीत फिरतोय इतकी वर्षं. फाईल नाही, काही नाही. मशीन बंद झालं की तोही गेला.’

मी पक्कड फिरवत राहिलो. शेवटी म्हटलं, ‘पण बाई, ओळ तर तुम्हीही लिहू शकता. तुम्हाला काय अवघड आहे?’

‘चुटकीसरशी. तेच शब्द, तीच वेळ. पण तो मी चालू केलेला असेल, भाऊ. हा यांनी चालू केलाय.’ त्यांनी खोक्याची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली. ‘मुद्दाम ठेवला असं म्हणावं, तर तसंही नाही. विसरले. पंखा विसरायचे तसेच. घरी त्यांनी चालू ठेवलेलं सगळं मी बंद करायची, रोज, कुरकुरत. हे एक मात्र मला बंद करवत नाही हो.’

त्या रडल्या नाहीत. दुपारी मी डबडं म्हणालो होतो ते आठवत होतं, पण माफी वगैरे मला जमत नाही. मी म्हटलं, ‘तुम्ही पाणी प्यायला का येत नाही ते आता कळलं.’

‘ओळ आली की कीबोर्डवर काही दाबेपर्यंत ती माझ्या स्क्रीनवर राहते,’ बाई म्हणाल्या. ‘मी दाबत नाही. तुम्ही सगळे परत येईपर्यंत बघत बसते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीतून इंजिनिअर आला, मशीन परत नीट उठतंय ना ते बघायला. समजूतदार पोरगा. बाईंनी त्याला ओळीचं सांगितलं असावं, कारण मी बॅटऱ्या बघायला गेलो तेव्हा तो म्हणत होता, ‘मॅडम, फाईल पुसलेली असली तरी चालू प्रोग्रॅममधून ती परत काढता येते बऱ्याचदा. मी काढतो, सुरुवातीच्या यादीत टाकतो. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही.’

बाईंनी विचार केला. बराच केला. मला मनातून वाटत होतं, हो म्हणा, बाई, हो म्हणा.

‘मला लागेल ना पत्ता,’ त्या म्हणाल्या. ‘राहू दे, बाळ. यांनी स्वतःच्या हाताने पुसलेलं आपण कशाला उकरायचं.’

अकरा वाजले. ओळ आली. खाली सगळे उठले. मी जाणूनबुजून वरच रेंगाळलो. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतायत. इंजिनिअर खिडकीबाहेर बघत राहिला. भला पोरगा, म्हटलं ना.

दुपारी बाईंनी कमांड टाइप केली. स्क्रीनवर निरोप गेला, मास्तरांचेच शब्द: ‘थोड्या वेळात मशीन बंद होत आहे. हातातलं काम जपून ठेवा.’ मग जिना उतरून खाली आल्या. टेबलाटेबलाशी थांबल्या. ‘ठेवलं का? नक्की?’ आक्कांनी त्यांचा हात धरला आणि सोडला. थंड खोलीवाल्याने ‘हो बाई, हो’ म्हणून मान डोलावली. शेवटचं टेबल झाल्यावर त्या वर आल्या. मीही वर होतो, कारण मशीन झोपलं की खाली जाऊन मेन स्विच ओढायचं काम माझं.

बाईंनी चालू प्रोग्रॅमची यादी काढली. एका ओळीवर बोट ठेवलं. ‘हा बघा.’ बारीकशी ओळ, बाकीच्यांसारखीच. मालकाच्या जागी अजून मास्तरांचं नाव.

‘बंद करताना मशीन प्रत्येकाला आधी सांगतं, आवर,’ बाई म्हणाल्या. ‘जो ऐकतो तो हातातलं ठेवून उठतो. जो ऐकत नाही त्याला मग ओढून काढतात.’

‘मास्तरांचा?’

‘ऐकेल. बाहेर सगळ्यांचं ऐकायचे. माझंच तेवढं ऐकायचे नाहीत.’

मिनिटं सरत होती. अगदी शेवटी बाईंचा हात कीबोर्डवर गेला आणि त्यांनी भराभर काहीतरी टाइप केलं. खालून गलका झाला: ‘रद्द झालं! शटडाऊन रद्द झालं!’ सगळ्या स्क्रीनवर तसा निरोप आला होता. इंजिनिअर माझ्याकडे बघायला लागला. माझ्या तोंडात शब्द आलेच होते, पुठ्ठा, कोळसा, सगळे. बाईंचे खांदे बघितले आणि ते गिळले. कोणाचंही ऐकून घेण्याची ती वेळ नव्हती, माझं तर मुळीच नाही.

‘दोन मिनिटं, भाऊ,’ बाई म्हणाल्या.

‘घ्या की,’ मी म्हटलं.

बाईंनी नाक पुसलं. खुर्ची पुढे ओढली. पुन्हा कमांड लिहिली, आणि या वेळी मिनिटांच्या जागी ‘आत्ता’ म्हणून सांगितलं. बोट एंटरवर ठेवलं आणि स्क्रीनकडे बघून चांगल्या ठसक्यात म्हणाल्या, ‘किती वेळा सांगितलं तुम्हाला, निघताना बंद करून जात जा. सगळं मेलं माझ्याच मागे.’

आणि एंटर दाबलं.

भराभर ओळी वर सरकल्या. त्यात मास्तरांची कुठली, मला कळलं नाही. मग स्क्रीन काळी झाली, मशीनचा पंखा मंदावत मंदावत थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं,’ बाई म्हणाल्या. ‘काही बोलले पण नाहीत.’ आणि तेव्हा मात्र त्यांना रडू आलं. इंजिनिअरने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

मी खाली जाऊन मेन स्विच ओढला. अख्खी दुपार काम केलं. जळक्या वायरी बाहेर काढल्या तेव्हा साहेब बघायला आले आणि आल्यापावली मागे सरले. अजून काही दिवस काढले असते तर काय झालं असतं ते सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी वीज सोडली. मशीन कण्हत कुंथत उठलं, एकेक करत सगळ्या स्क्रीन उजळल्या. इंजिनिअरने सुटकेचा श्वास टाकला. बाईंनी सगळं तपासलं आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पॅकिंगच्या टेबलापाशी नवीन वायर पट्टीत बसवत होतो. खरं सांगतो, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर स्क्रीन होती. अकरा वाजले. ऑर्डरी तशाच चालू राहिल्या, मधे काही उमटलं नाही.

आक्कांनी चिकटपट्टी खाली ठेवली. कमरेला हात लावून उठल्या. शेजारची उठली. थंड खोलीवाला हातमोजे काढत बाहेर आला. हमालांनी ढकलगाडी आहे तिथे सोडली. साहेब दारातून बाहेर पडले, हातात स्वतःचा ग्लास. कोणी स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं. ओळ आली नाही हे अर्ध्या लोकांच्या ध्यानातही आलं नाही. उठायची वेळ झाली आणि उठले.

मी पक्कड टाकून वर पळालो. बाई खुर्चीत, नजर स्क्रीनवर.

‘नाही आली,’ त्या म्हणाल्या.

‘स्क्रीन सोडा. खाली बघा.’

त्या काचेपाशी आल्या. खाली टाकीशी रांग लागली होती. आक्का कोणालातरी दामटत होत्या, कोणीतरी पाणी सांडलं म्हणून ओरडा चालला होता, ऑर्डरवाल्या मुली हात वर करून पाठ ताणत होत्या. बाई कपाळ काचेला टेकवून बघत राहिल्या. ‘उठले गं बाई सगळे,’ एवढंच पुटपुटल्या.

मला त्या ओल्या डोळ्यांसमोर उभं राहवेना. ‘चला, मला तहान लागलीय,’ म्हणून मी खाली आलो आणि रांगेत उभा राहिलो. पुढे साहेब, साहेबांपुढे आक्का. आक्कांनी एकदम वर बघितलं, मग जिन्याकडे, आणि बोलता बोलता गप्प झाल्या.

माझ्या मागे चपलांचा आवाज आला, आणि कोणीतरी माझ्या पाठीत बोट खुपसलं.

‘ताठ!’ बाई म्हणाल्या.

मी उडालो. आणि उभा राहिलो ताठ.